टिकलीचं पाणी कुणी ओढलं?

एक होतं घर. घरात होती बाथरूम. बाथरूममध्ये होता कमोड. पांढरा पांढरा, गोल गोल. आणि कमोडात होतं पाणी. एवढंसं!

छी म्हणू नका हं! तुमच्यासाठी तो कमोड. टिकलीसाठी ते तळं.

टिकली कोण? टिकली एक बेडकी. कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली. अंग हिरवं हिरवं. बोटं चिकट चिकट. भिंतीवर चढायची. काचेवर चढायची. छताला उलटीसुद्धा बसायची, लबाड कुठली!

कुणी बाथरूममध्ये आलं, की टिकली टुपुक! बादलीच्या मागे.
कुणी गेलं, की टिकली टुपुक! परत तळ्यात. डुबुक!

उन्हाळ्याचे दिवस होते. बाहेर सगळं कोरडं. बेडकीला पाठ ओली लागते. पाठ सुकली, की बेडकीला काही सुचत नाही. म्हणून टिकली रोज डुंबायची. पोटभर डुंबायची.

एक दिवस काय झालं? टिकलीनं उडी मारली. डुबुक वाजलंच नाही. वाजलं थप्प!

"अगं बाई! माझं पाणी कुठं गेलं?"

पाणी तळाशी गेलं होतं. चमचाभर उरलं होतं. पाय भिजले, पाठ भिजेना.

तेवढ्यात आले बाबूकाका. टिकली टुपुक! बादलीच्या मागे.

बाबूकाकांनी टाकीचं बटण दाबलं. भडाभडा पाणी आलं. तळं भरलं! टिकली हसली.

पण मग वाजलं, गुडगुड गुडगुड... सुर्रर्र! पाणी गेलं.

काकांनी बादली ओतली. भस्सकन! तळं भरलं.

गुडगुड गुडगुड... सुर्रर्र! पाणी गेलं.

"अरेच्चा!" काका म्हणाले. "टाकी भरलेली. नळ चालू. गळत तर कुठंच नाही. मग पाणी थांबत का नाही?"

काकांनी डोकं खाजवलं. डोक्यातून काही निघालं नाही. काका गेले दुसरी बादली आणायला.

टिकली आली कमोडाजवळ. मान वर करून बघितलं. खालून कमोड दिसला डोंगराएवढा!

"बाई गं, केवढं हे!

कमोडदादा, कमोडदादा,
टिकलीला डुंबता येईना!
तू पाणी ठेवशील का?"

कमोड म्हणाला, "ठेवीन की! पण पाइपमामा खालून ओढतो. पाइप थांबेल, तर पाणी राहील."

टिकली निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. खिडकीतून बाहेर.

बाहेर भिंतीला होता पाइप. जाडजूड, काळा काळा. खाली जमिनीत गेलेला. वर गच्चीपर्यंत गेलेला.

"बाई गं, केवढं हे!

पाइपमामा, पाइपमामा,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तू थांबशील का?"

पाइपमामाला धाप लागली होती. "थांबेन की! पण... हुश्श... पाणी खाली सोडताना मला हवा लागते गं. वरून वारा येतो, तेव्हा मी श्वास घेतो. कालपासून वारा येतच नाही. मग मी कमोडातून ओढतो. सुर्रर्र! काय करू? वारा आत शिरेल, तर मी थांबेन."

बिचारा पाइपमामा! त्याचाही जीव गुदमरला होता.

टिकली निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. पाइप धरून वर वर वर. एक खिडकी गेली. दुसरी खिडकी गेली. आणि आली गच्ची!

टिकली कधी गच्चीवर आली नव्हती. तिनं वर बघितलं. बघतच राहिली.

खिडकीतून तिला रोज दिसायचा आभाळाचा तुकडा. रुमालाएवढा. तिला वाटायचं, आभाळ तेवढंच. आणि इथं! इकडं आभाळ. तिकडं आभाळ. मागं वळली, तर मागंसुद्धा आभाळच!

"बाई गं," टिकली हळूच म्हणाली. "केवढं हे!"

पाइपाच्या तोंडाशी बसला होता वारा. गाल फुगवून बसला होता. रुसला होता!

"वारोबा, वारोबा,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तू आत शिरशील का?"

वारा म्हणाला, "शिरेन की! रोज मी याच वाटेनं जायचो. काल कुणीतरी पाइपाच्या तोंडावर पिशवी बांधली. मी ढकललं, फूऽऽ! पिशवी हलेना. आता मी इथंच बसणार. कुठ्ठे कुठ्ठे जाणार नाही. पिशवी उडेल, तर मी शिरेन."

खरंच की! पाइपाच्या तोंडावर होती प्लॅस्टिकची पिशवी. लाल लाल. फुगलेली टम्म.

"बाई गं, केवढं हे!

पिशवीताई, पिशवीताई,
वारा शिरेना,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तू उडशील का?"

पिशवी म्हणाली, फरफर फरफर, "उडेन की! मी काय हौसेनं बसलेय इथं? सुतळीनं आवळलंय मला. सुतळी सुटेल, तर मी उडेन."

सुतळी तिथंच होती. पाइपाला गुंडाळलेली. गोल गोल गोल. आणि मध्ये गाठ! टिकलीपेक्षा मोठी गाठ!

"बाई गं, केवढं हे!

सुतळीमावशी, सुतळीमावशी,
पिशवी उडेना,
वारा शिरेना,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तू सुटशील का?"

सुतळी म्हणाली, "मला बांधलं काकूंनी. काकू सोडतील, तर मी सुटेन."

बस्स, एवढंच बोलली. सुतळीचं तोंड गाठीत अडकलं होतं ना!

टिकली निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

गच्चीच्या मध्यावर बसल्या होत्या शकूकाकू. डोक्यावर पदर. हातात काठी. समोर जुनी साडी अंथरलेली. साडीवर कुरडया. पांढऱ्या पांढऱ्या, जाळीच्या जाळीच्या. इथून तिथून कुरडयाच कुरडया! काकूंनी गव्हाचा चीक शिजवला होता. सोऱ्यातून कुरडया घातल्या होत्या. आता राखण करत होत्या.

कावळा आला. "हाऽऽड!" काकूंनी काठी आपटली. कावळा उडाला.

खालून काकांची हाक आली. "अगं, पाणी थांबत नाही गं!"

"नीट ओता हो!" काकू ओरडल्या. "सावकाश ओता!"

खाली वाजलं भस्सकन. मग गुडगुड गुडगुड... सुर्रर्र!

"नाही थांबत गं!"

काकूंनी कपाळाला हात लावला. "एक काम धड होईल तर शपथ!"

टिकली पुढं आली. काकूंचा तर पायच केवढा! काठी केवढी! टिकली घाबरली. पण तिची पाठ सुकायला लागली होती. घाबरून कसं चालेल?

"बाई गं, केवढं हे!

काकू, काकू,
सुतळी सुटेना,
पिशवी उडेना,
वारा शिरेना,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तुम्ही सोडाल का?"

"अगं बाई, बेडकी!" काकू म्हणाल्या. मग वाकून बघितलं. "एवढीशी गं तू! आणि एवढं बोलतेस? सोडीन की, बाळा. पण त्या पाइपातून वास येतो ना! माझ्या कुरडयांना वास लागला म्हणजे? वर्षभराच्या कुरडया आहेत. म्हणून पिशवी बांधली. कुरडया वाळतील, तर मी सोडीन."

ऐकलंत? काकूंनीच बांधली होती पिशवी! आणि काका खाली ओततायत बादल्यावर बादल्या.

टिकली गेली कुरडयांकडे. जवळून कुरडया दिसल्या जंगलासारख्या. पांढऱ्या पांढऱ्या फांद्या, एकीत एक गुंतलेल्या.

"बाई गं, केवढं हे!

कुरडयांनो, कुरडयांनो,
काकू सोडेनात,
सुतळी सुटेना,
पिशवी उडेना,
वारा शिरेना,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तुम्ही वाळाल का?"

सगळ्या कुरडया एकदम बोलल्या, "वाळू की! वाळू की! पण अजून आम्ही ओल्या ओल्या. अजून आम्ही मऊ मऊ. ऊन कुठंय? ऊन कुठंय? ऊन पडेल, तर आम्ही वाळू!"

टिकलीनं वर बघितलं. खरंच, ऊन नव्हतं. सूर्यआजोबांना हाक मारायची, तर उंच जायला हवं.

गच्चीवर होती पाण्याची मोठी टाकी. टिकली निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टाकीवर चढली. झाकणावर उभी राहिली.

आता तिला दिसली सगळी घरं. सगळी झाडं. लांबचा रस्ता दोरीएवढा. रस्त्यावरची एसटी काडेपेटीएवढी!

"बाई गं... केवढं हे!"

टिकलीनं गळा फुगवला. जोरात हाक मारली.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा,
कुरडया वाळेनात,
काकू सोडेनात,
सुतळी सुटेना,
पिशवी उडेना,
वारा शिरेना,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तुम्ही ऊन पाडाल का?"

वरून आवाज आला. जाड जाड, ऊबदार.

"पाडीन की, पोरी! पण माझ्यापुढं ढग बसलाय. माझं ऊन त्याच्या पाठीवरच सांडतंय. ढग सरकेल, तर ऊन पडेल."

टिकलीला ऐकूनच शहारा आला. सूर्य बोलला! तिच्याशी बोलला! टिकलीएवढ्या टिकलीशी!

आता ढग. टाकीशेजारी होता डिश अँटेनाचा खांब. टिकली निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. पण पाठ सुकली होती. बोटं नीट चिकटेनात. एकदा घसरली. हाय हाय! परत चढली. परत घसरली. परत चढली.

शेवटी पोचली टोकावर.

वर होता ढग. करडा करडा, भला मोठा. गावावर पसरलेला. त्याला इकडं टोक नाही, तिकडं टोक नाही. टिकलीनं मान मागं टाकली. नुसतीच बघत राहिली.

मग पाठ चुरचुरली. मग आठवलं.

"बाई गं, केवढं हे!

ढगोबा, ढगोबा,
ऊन पडेना,
कुरडया वाळेनात,
काकू सोडेनात,
सुतळी सुटेना,
पिशवी उडेना,
वारा शिरेना,
पाइप थांबेना,
कमोडात पाणी राहीना,
टिकलीला डुंबता येईना!
तू सरकशील का?"

ढगानं जांभई दिली. आऽऽऽह! "सरकेन की! पण मला ना पाय, ना पंख. कालपासून इथंच पडलोय. कंटाळलो गं! वारा ढकलेल, तर मी सरकेन."

टिकली उतरली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. उतरता उतरता मनाशी म्हणाली,

"वारा ढकलेना,
ढग सरकेना,
ऊन पडेना,
कुरडया वाळेनात,
काकू सोडेनात,
सुतळी सुटेना,
पिशवी उडेना,
वारा शिरेना..."

टिकली थांबली.

वारा? वाऱ्याचं नाव तर आधीच घेतलं होतं! वारा सुरुवातीला आला. वारा शेवटीही आला. एकच वारा!

"अगं बाई! तो तर पाइपापाशी रुसून बसलाय!"

टिकली धावली. टुपुकटुपुकटुपुकटुपुक!

वारा तसाच होता. गाल फुगवून बसलेला.

"वारोबा! आत जायची वाट बंद आहे ना?"

"आहे," वारा म्हणाला.

"आणि बाहेरची?"

"बाहेरची कुठली?"

"वर बघ की!"

वाऱ्यानं वर बघितलं. इकडं आभाळ. तिकडं आभाळ. मागं वळला, तर मागंसुद्धा आभाळच. सगळं मोकळं! सगळं त्याचं!

"बाई गं," वारा म्हणाला, "केवढं हे!"

"ढगोबा वाट बघतोय तुझी," टिकली म्हणाली. "ढकलशील का?"

वाऱ्याचा रुसवा पळाला. वारा उठला. आधी हळूच, फूऽऽ. मग जरा मोठ्यानं, हूऽऽऽ. मग असा सुटला, असा सुटला, की काकूंचा पदर उडाला, शेजारची चादर उडाली, टिकलीनं पाइप घट्ट धरला!

वाऱ्यानं ढकललं, हूऽऽऽ!
ढग सरकला, सरक सरक.
ऊन पडलं, लख्ख!

ऊन टाकीवर आलं. ऊन गच्चीवर आलं. गच्ची सोन्याची झाली. काकूसुद्धा काठी खाली ठेवून बघत राहिल्या. टिकली पळाली टाकीच्या सावलीत.

ऊन पडलं, कुरडया वाळल्या. कुरकुर, कडक! कडकडीत!

कुरडया वाळल्या, काकूंनी डबा भरला. काकू आल्या पाइपाशी.
काकूंनी गाठ सोडली.
सुतळी सुटली, सळसळ.
पिशवी उडाली, फर्रर्र! काकूंनी पकडली. "कुठं चाललीस? भाजी आणायला लागशील!"
वारा आत शिरला, शूऽऽऽ!
पाइपानं मोठ्ठा श्वास घेतला, हाऽऽऽश्श!

"मामा, बरं वाटतंय का?" टिकलीनं विचारलं.

"जिवात जीव आला गं," पाइपमामा म्हणाला. "पळ आता. तुझी पाठ बघ!"

टिकलीची पाठ पार कोरडी झाली होती. उड्या मारायचं त्राण नव्हतं. तिनं पाइप धरला आणि दिलं अंग सोडून. सर्रर्रर्र! एक खिडकी गेली. दुसरी खिडकी गेली. तिसरी खिडकी आली. टिकली आत! बादलीच्या मागे बसली. धापा टाकत बसली.

काका उभे होते. हातात बादली. बाह्या भिजलेल्या. चष्मा भिजलेला.

"ही शेवटची," काका म्हणाले. "आता नाही थांबलं, तर मी हरलो."

भस्सकन!

पाणी आलं. गोल गोल फिरलं. खाली गेलं. टिकलीनं डोळे मिटले.

आता वाजेल गुडगुड. आता वाजेल सुर्रर्र.

वाजलं नाही.

टिकलीनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. कमोड भरला होता. गुडगुड नाही. सुर्रर्र नाही. पाणी हललं, डुललं, आणि थांबलं. थांबलं! स्वच्छ स्वच्छ, गप्प गप्प.

"अगं, थांबलं!" काका ओरडले. "मी दुरुस्त केलं! एकट्यानं केलं!"

वरून काकू हसल्या. "हो हो, तुम्हीच हो! आणि मला त्या बेडकीनं सगळं सांगितलंय. पिशवी मीच बांधली होती. आता पापड घालीन ना, ते पाइपापासून लांब, गच्चीच्या पार त्या टोकाला!"

"कोण बेडकी? कसली पिशवी?" म्हणत काका वर गेले.

बाथरूममध्ये कुणी उरलं नाही. फक्त टिकली आणि तिचं तळं.

टिकली कमोडाच्या काठावर बसली. पाण्याकडे बघितलं. लगेच उडी मारली नाही बरं का! नुसतं बघितलं.

वारा केवढा मोठा. ढग केवढा मोठा. सूर्यआजोबा तर किती किती मोठे! आणि सगळे हलले. कशासाठी? एवढ्याशा टिकलीच्या, एवढ्याशा पाण्यासाठी.

"बाई गं," टिकली म्हणाली, "केवढं हे!"

आणि मग?

डुबुक!

पाय भिजले. पोट भिजलं. पाठ भिजली, गारेगार!

पाणी राहिलं भांड्यात,
टिकली बसली पाण्यात,
गोष्ट शिरली तुमच्या कानात!